वाढणाऱ्याचे पान

वकिलाला ऋतू नसतात असा एक समज आहे. कोर्टाच्या तारखांना ऊन-पाऊस कळत नाही, हे खरेच. परंतु गोव्यात, आणि त्यातही किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत वकिली करणाऱ्यास एक ऋतू मात्र डोळे मिटूनही ओळखता येतो. चवथ होते, गणपती पाण्यात जातात, माटोळीची सुकलेली फळे खाली उतरतात, आणि मग एके दिवशी सकाळी आमच्या मडगावच्या घराच्या सोप्यावर शॅकवाल्या पक्षकारांच्या चपला वाजू लागतात. कोणाच्या हाती पर्यटन खात्याचा कागद असतो, कोणाला मद्याच्या परवान्याचे नूतनीकरण हवे असते, आणि बहुतेकांच्या खिशात घडी करून ठेवलेली एक यादी असते. वेटर सहा, हेल्पर चार, तंदूरवाला एक, काउंटरवर विश्वासू असा एक. वाण्याच्या यादीसारखीच ही यादी. तिच्यात जिन्नस असतो, आकडा असतो, माणसाचे नाव तेवढे नसते.

इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. शॅक म्हणजे वाळूवर बांबू आणि माडाची चुडते यांनी उभारलेले उपाहारगृह. पाऊस ओसरला की ते उभे राहते आणि मे महिना सरताना पुन्हा मोडून ठेवावे लागते. सरकारी किनाऱ्यावरच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. काणकोणच्या बाजूस खासगी माडांच्या बागेत असली उपाहारगृहे आणि झोपड्या अधिक. श्रावणात त्या जागी गेले तर नुसती ओली वाळू आणि चार खड्डे दिसतात. येथे डिसेंबरात तळलेल्या इसवणाचा वास आणि सात भाषांचा कलकलाट होता, हे सांगूनही पटू नये. जे उपाहारगृह स्वतःच आठ महिन्यांचे, त्याचा नोकर बारा महिन्यांचा कोठून असणार? म्हणून दर वर्षी माणसे नव्याने जमवावी लागतात, आणि दर वर्षी ती नव्याने पांगतात.

माणसे जमविण्याची ही रीत पाहण्यासारखी असते. वर्तमानपत्रात जाहिरात कोणी देत नाही. मागल्या हंगामातील एखाद्या जुन्या, जाणत्या वेटरला फोन जातो. तो आपल्या गावातून भाऊ, मेहुणा, शेजाऱ्याचा मुलगा असे पाचसात जण गोळा करतो. मालक गाडीभाड्यापुरती उचल पाठवतो. मुले मडगावच्या स्थानकावर उतरतात ती एकेक पिशवी आणि एकेक घोंगडी घेऊन. मग परीक्षा होते. तिन्ही थाळ्या एका हातावर पेलतात की नाही, इंग्रजी चार शब्द बोलता येतात की नाही, वाळूत अनवाणी चालताना ग्लासातले पाणी हिंदकळते की नाही, हे मालक खुर्चीवर बसून पाहतो. ओळखीचे कागद तपासून पोलीस ठाण्यात द्यावयाचे, अन्नपदार्थ हाताळणाऱ्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावयाची, असे उपचार होतात. मुले कधी ओरिसाची असतात, कधी कर्नाटकातली, कधी नेपाळची. नेपाळच्या मुलांना १९५० च्या मैत्री करारामुळे येथे राहून काम करण्यास वेगळा परवाना लागत नाही. आणि कितीतरी मुले असतात गढवालच्या डोंगरातली.

या गढवाली मुलांचे आम्हांस प्रथमपासूनच कौतुक वाटत आले आहे. त्यांच्या वर्षाचे दोन भाग देवाने पाडलेले आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अक्षय्य तृतीयेला गंगोत्री-यमुनोत्रीची दारे उघडतात, त्याच सुमारास केदारनाथ आणि बदरीनाथही उघडतात, आणि यात्रेच्या वाटेवरील लहानमोठ्या हॉटेलांत ही मुले कामाला लागतात. अन्नकूटाला गंगोत्री मिटते, भाऊबीजेला केदारनाथाची पालखी ऊखीमठाकडे उतरते, आणि त्यापाठोपाठ ही मुलेही उतरतात ती थेट समुद्रापर्यंत. आपल्यापैकी जे कोणी चारधाम करून आले असतील, त्यांना रुद्रप्रयागी गरम फुलका वाढणारा हात आणि पाळोळेच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्याला माशाची थाळी नेऊन देणारा हात कदाचित एकच असेल. हे आमच्या ध्यानात यावयास एक हंगाम आणि एक चूक खर्ची पडली. त्या चुकीची ही हकीकत आहे. आणि ती चूक दुसऱ्या कोणाची नव्हे, आमचीच आहे.

२०२२ सालच्या चवथीनंतर काणकोणकडील एक पक्षकार आमच्याकडे आले. मनुष्य सालस, कष्टाळू, गावच्या देवळातील मानकऱ्यांपैकी एक. त्या दिवशी मात्र ते संतापलेले होते. “वकीलबाब, नाताळाच्या आदल्या दिसा म्हजे दोन भुरगे शेजाऱ्यान व्हेले. म्हजें लुकसाण कोण भरून दितलो? ह्या वर्सा कागद घट्ट जाय.” गोष्ट खरी होती. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात शॅकवाल्याची निम्मी कमाई होते म्हणतात, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्याने महिना हजार रुपये अधिक देऊन त्यांचे दोन हुशार वेटर पळवले होते. पाहुणे टेबलांशी खोळंबले, चिडले, उठून गेले. शिवाय दर वर्षी अक्षय्य तृतीया जवळ आली की गढवाली मुले चुळबुळू लागतात आणि हंगाम आटोपण्याआधीच डोंगराची वाट धरतात, ही तक्रार वेगळीच. मालकाचे दुःख आम्हांस समजले. समजले म्हणूनच आम्ही लेखणी उचलली.

आम्ही एक करारनामा तयार केला. इंग्रजीत, चार पानांचा, स्टँपपेपरावर. त्याचे सातवे कलम हे आमच्या कारागिरीचे शिखर होते. प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक महिन्याचा पगार मालकाकडे अनामत राहील. हंगाम संपण्यापूर्वी कर्मचारी कोणत्याही कारणास्तव काम सोडून गेल्यास ती अनामत, तसेच टिपेच्या डब्यातील त्याचा वाटा जप्त होईल. टिपेचा डबा म्हणजे पाहुण्यांनी खुशीने दिलेले पैसे ज्यात एकत्र साठवतात आणि हंगामाअखेर वाटतात तो डबा. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द मसुद्यात प्रथम नव्हते. रात्री पुन्हा वाचताना ते आम्ही आपण होऊन घातले, आणि आता पळवाट उरली नाही म्हणून समाधानाने दिवा मालवला, हे आम्हांस अगदी स्पष्ट आठवते. वकिलाला झोप फार गाढ लागते ती अशाच रात्री.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मालक आपली माणसे घेऊन सह्यांसाठी आले. मुले सोप्याच्या पायरीशी उभी राहिली. त्यांत वीस-एकवीस वर्षांचा एक गढवाली मुलगा होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. लिहिण्याची त्याची परवानगी आम्ही कधी घेतलेली नाही. इतर मुले कागदाच्या कोपऱ्यात दाखविलेल्या जागी सह्या करून मोकळी होत असता हा दारावरची आमच्या नावाची पाटी वाचीत होता. पाटी देवनागरीत आहे. त्याने आमचे नाव, आडनाव आणि पदवी सगळे मोठ्याने, जरा हेल काढून, पण बिनचूक वाचले आणि हसून म्हणाला, “हमारी ही लिपि है, साहब.” आम्हीही हसलो. मग तो पुढे आला, चार पाने उलटली, इंग्रजी मजकुराकडे क्षणभर पाहिले, आणि आम्ही बोट ठेवले तेथे सही केली. सही त्याने देवनागरीतच केली.

ज्याला आमची पाटी वाचता येते त्याला आमचा करार वाचता येऊ नये अशी व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती, हा विचार त्या वेळी आमच्या मनाला शिवलाही नाही.

मार्च महिन्यात, पाडव्याच्या चार दिवस आधी, आम्ही कोर्टातून जेवायला घरी आलो तो हा मुलगा पायरीवर बसलेला. जवळ तीच पिशवी, तीच घोंगडी. त्याची आई डोंगरात गुरांसाठी गवत कापायला गेली असता कड्यावरून घसरली होती. कमरेचे हाड मोडले होते. घरी म्हातारी आजी आणि धाकटी बहीण. दुपारच्या दिल्लीच्या गाडीने तो निघाला होता. मालकाने त्याला अडवले नव्हते, उलट वाटेत खायला पावाची पुडी बांधून दिली होती. परंतु अनामतीचे चौदा हजार रुपये आणि टिपेचा वाटा मागताच कागद दाखवला होता. तो कागद घेऊन मुलगा आमच्याकडे आला होता. त्याने तो दोन्ही हातांनी आमच्यापुढे धरला आणि विचारले, “साहब, इसमें क्या लिखा है?”

तक्रार नव्हती, आवाज चढलेला नव्हता. चार महिन्यांपूर्वी सही केलेल्या कागदात काय लिहिले आहे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

आम्ही त्याला सातवे कलम हिंदीतून सांगितले. सांगताना ‘कोणत्याही कारणास्तव’ या शब्दांपाशी आमची जीभ अडखळली. त्याने पुन्हा विचारले, “माँ गिर जाए, तो भी?” त्यावर आम्ही जे बोललो ते वकिलाला साजेसेच होते. आम्ही मालकाचे वकील आहोत. विरुद्ध पक्षास सल्ला देणे आमच्या धंद्याच्या आचारसंहितेत बसत नाही. कामगार खात्याच्या कचेरीत अर्ज करता येईल. कचेरी अमुक ठिकाणी आहे. यातील एकही शब्द खोटा नव्हता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. गाडीला दीड तास होता. त्याने कागदाची घडी केली, वाकून नमस्कार केला आणि तो गेला. घरात पानावर आमटी निवत होती. आम्ही जेवलो, हेही सांगितले पाहिजे.

त्याच आठवड्यात संध्याकाळी आम्ही शेजारच्या बलकांवावर जाऊन बसलो. आमचे शेजारी ख्रिस्ती, वय ऐंशीच्या पुढे, जन्माचे तारवटी. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर त्यांनी तरुणपणी स्टुअर्ड म्हणून नोकरी केली. आपल्या गोमंतकातील हजारो माणसे अशीच परक्या बोटींवर, परक्यांच्या मेजाशी वाढण्याचे काम करीत आली. मुंबईत धोबीतलावच्या आणि माझगावच्या कुडांत बोट मिळेपर्यंत दिवस मोजीत राहिली. आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर साष्टी-बारदेशात घरे उभी राहिली. म्हणजे हंगामी वाढपी हा प्रकार आपल्याला परका नाही. फरक इतकाच की एके काळी तो आपल्याकडून जात असे, आता तो आपल्याकडे येतो. सहज बोलता बोलता आम्ही त्यांना विचारले की तुमच्या वेळी करार कोणत्या भाषेत असे? ते म्हणाले, कागद इंग्रजीच. पण मुंबईच्या शिपिंग कचेरीत सगळ्यांना ओळीने उभे करून आधी वाचीत आणि अर्थ सांगत. “पुता, पयलीं वाचून दाखयताले. समजलें? मागीर सय.” आधी वाचून दाखवीत, समजले का म्हणून विचारीत, मग सही.

घरी येऊन आम्ही पुस्तक उघडले. इंग्लंडच्या १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टात परदेशी जाणाऱ्या बोटीवरील खलाशाला करार वाचून दाखवावा, समजावून द्यावा, निदान त्याला तो समजला आहे अशी खात्री करून घ्यावी आणि मगच त्याची सही घ्यावी, असा दंडक स्पष्ट लिहिलेला सापडला. परक्या साहेबाच्या कायद्याने आमच्या शेजाऱ्याला जे दिले, ते आम्ही आपल्याच देशातल्या, आपल्याच लिपीत सही करणाऱ्या मुलाला दिले नव्हते. त्या रात्री मात्र झोप गाढ लागली नाही.

चैत्रात आमच्या कुलदेवतेच्या देवळात अन्नसंतर्पण असते. लहानपणापासून आम्ही तेथे वाढायला जातो. सोवळे नेसून, कमरेला पंचा आवळून, हाती भाताची परात घेऊन पंगतीतून वाकत वाकत जाण्यात जे सुख आहे ते आम्हांस कोर्टातील कोणत्याही विजयाने दिलेले नाही. न्यायाधीशापुढे ताठ उभा राहणारा मनुष्य तेथे शाळकरी पोरापुढेही वाकतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. त्या वर्षी पहिली पंगत बसावयाच्या वेळी मंडपात नेहमीची धांदल उडालेली होती. पाने मांडली होती, डाव पातेल्यात पडले होते, आणि आम्ही वाढपी परात उचलणार तोच आमच्या देवळातील एका वयोवृद्ध महाजनांनी हात वर करून सर्वांना थांबवले. “वाडप्यांचीं पानां पयलीं काडून दवरात,” ते म्हणाले. वाढणाऱ्यांची पाने आधी काढून ठेवा.

हे वाक्य आम्ही दर वर्षी ऐकत आलो आहो. रीत म्हणून ऐकतो आणि रीत म्हणून विसरतो. त्या दिवशी प्रथमच आम्ही त्यांना विचारले की आधी का? सगळे जेवल्यावर वाढप्यांनी बसावे, असेल ते घ्यावे. सेवाच ना ती? म्हातारबाबा हसले. म्हणाले, वाढणाऱ्यालाही भूक असते. माझ्या वाट्याला काही उरेल की नाही, ही शंका मनात घेऊन जो पंगतीत उतरतो, त्याचा हात आखडतो. पातेल्याच्या तळाकडे त्याचे लक्ष जाते, पानाकडे जात नाही. त्याचे पान झाकून कोठीत ठेवले आहे असे कळले की मग बघा कसा सढळ हाताने वाढतो तो! ही त्याच्यावर दया नव्हे. पंगत नीट व्हावी म्हणून केलेली तजवीज आहे.

आम्ही भात वाढीत गेलो. प्रत्येक पानाशी वाकताना आम्हांस त्या मुलाची आठवण होत होती. चार महिने तो दुसऱ्यांना वाढत होता. सकाळी आठपासून रात्री शेवटचे टेबल उठेपर्यंत. आणि त्याचे पान आधी काढून ठेवणे दूरच, ते त्याच्यापासून काढून घेण्याचा कागद आम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. देवळात वाढले म्हणजे सेवा आणि वाळूवर वाढले म्हणजे नोकरी, असा भेद आपण मनाशी करतो. अन्न तेच, वाकणे तेच, भूकही तीच. भेद असलाच तर एवढा की देवळातील वाढप्याला घरी चूल पेटण्याची विवंचना नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही काणकोणला गेलो. मालक माडाखाली हिशेब करीत बसले होते. आम्ही प्रथम कायदा काढला. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगितले की दंडाची रक्कम करारात लिहिली म्हणून ती आपोआप मिळत नाही. वाजवी भरपाई तेवढी मिळते, आणि मार्च महिन्यात एक मुलगा कमी झाल्याने चौदा हजारांचे नुकसान झाले असे कोणत्याही न्यायाधीशास पटवून देता येणार नाही. त्यांनी शांतपणे विचारले, मग हे तुम्ही लिहिलेत तेव्हा तुम्हांला ठाऊक नव्हते? आम्ही म्हणालो, ठाऊक होते. कोर्टात हे कलम टिकणार नाही हे आम्हांस माहीत होते. आणि असली मुले कोर्टात जात नाहीत, हेही माहीत होते. हे उत्तर देताना आम्हांस जेवढी लाज वाटली तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती. मालक म्हणाले, फी तुम्ही घेतलीत, कागद तुम्ही केलात, आणि आता वाईट मी? त्यांचा राग अस्थानी नव्हता.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आम्ही त्यांना देवळातील पंगतीची गोष्ट सांगितली. ते स्वतः मानकरी; आपल्या गावच्या देवळात तेही दर वर्षी कमरेला पंचा बांधतात. ऐकून त्यांनी वही मिटली आणि समुद्राकडे पाहत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नऊ दिवसांनी त्यांचा फोन आला की जुन्या वेटरकडून मुलाच्या गावचा पत्ता व खाते मिळवून पैसे पाठवले आहेत. गाडीभाड्याची उचल तेवढी वळती केली आहे. उचल ही रास्त देणे होती. त्यावर बोलण्याजोगे काही नव्हते. टिपेच्या डब्यातला वाटा मात्र त्यापूर्वीच इतरांत वाटून गेला होता. आमची फी आम्ही परत केली नाही. कोणाला करावी, हेच आम्हांस कळले नाही.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब केदारनाथास गेलो. मनात एक वेडी आशा होती. श्रीनगर, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी, जेथे जेथे गाडी थांबे तेथे तेथे आम्ही फुलके आणून देणाऱ्या मुलांच्या तोंडाकडे पाहत होतो. आमच्या मंडळींच्या ते लक्षात आले. पण त्या काही बोलल्या नाहीत. तो मुलगा आम्हांस भेटला नाही. कथेत तो भेटला असता. गुप्तकाशीला एका लहानशा हॉटेलात मात्र वाढणाऱ्या मुलाला आम्ही त्याचे नाव विचारले, आणि हंगाम संपल्यावर कोठे जाता असे विचारले. तो म्हणाला, “गोवा, साहब. आप कहाँ से?” आम्ही सांगितले. तो खुलला, आतून तुपाची वाटी घेऊन आला, आणि न मागता आमच्या पानावरच्या फुलक्यांवर तूप घातले. म्हातारबाबांचे शब्द आम्हांस आठवले. त्याचे पान त्याच्या मालकाने आधी काढून ठेवलेले असले पाहिजे.

आता आमच्याकडे होणारा करारनामा निराळा असतो. दोन पानांचा, देवनागरीत, सोप्या हिंदीत. पळवापळवीचे मालकाचे नुकसान खोटे नव्हते, म्हणून त्यावरही उपाय योजावा लागला; पण तो उलट्या बाजूने. पगारातून काही अडकवून ठेवावयाचे नाही. हंगाम पुरा करणाऱ्यास अखेरीस पगाराव्यतिरिक्त बक्षिसी द्यावयाची. काम सोडावयाचे तर पंधरा दिवस आधी सांगावे. घरी मृत्यू, आजार वा अपघात झाल्यास ती अट नाही. टिपेचा डबा दर आठवड्यास सर्वांसमक्ष उघडावा. काणकोणच्या त्या मालकांनी हाच कागद घेतला, आणि अलीकडे त्यांची मुले नाताळात शेजारी जात नाहीत. दुसऱ्या दोघा पक्षकारांना तो ‘सैल’ वाटला. ते आपली कागदपत्रे घेऊन दुसरीकडे गेले. तेही वकिलीच्या धंद्यात धरूनच चालावे लागते.

कायदाही आता अधिक स्पष्ट झाला आहे. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, काम सोडणाऱ्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत, आणि कायद्याने सांगितलेल्या कपातीखेरीज एकही कपात नाही, असे ती म्हणते. नियुक्तिपत्राची तरतूदही तिच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या संहितेत आहे. आम्ही हे पक्षकारांना वाचून दाखवतो. परंतु खरे सांगावयाचे तर मनमानी कपातीला आळा घालण्याचे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यातही होतेच, आणि ते आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. आम्हांस ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती ती त्या महाजनांनी हात वर करून पंगत थांबवली, तसे कोणीतरी आमच्या लेखणीला थांबवण्याची.

आता चवथ होऊन गेली की पूर्वीसारख्याच चपला वाजतात, पूर्वीसारख्याच याद्या खिशातून निघतात. आम्ही यादी घेतो, आणि जिन्नस-आकड्यांपुढे मोकळी ओळ सोडून मालकांना परत देतो. मुले आली की त्या ओळीत नावे भरून आणावयास सांगतो. मग नोव्हेंबरात पायरीशी मुले उभी राहतात. आम्ही त्यांना वर सोप्यावर बोलावतो, बाकावर बसवतो आणि कागद मोठ्याने वाचतो. मधूनच कोणी हसतो, कोणी शेजाऱ्याला कोपराने डिवचतो, कोणी विचारतो की बक्षिसी नक्की किती. ऊन वर चढते, कोर्टाची वेळ होते, कारकून दारात घुटमळतो. तरी आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि विचारतो, समजले? मग सही.